ज्याचा पगार, त्यानेच वर्ग घ्यायचा: नागपूरहून निघालेल्या ‘कामगार शिक्षकां’ची गोष्ट

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.)

आजचा भाग मी रिसोडहून रेकॉर्ड करतोय. म्हणजे आमच्या घरच्या माडीवरून. मागे सोयाबीन भरलेल्या ट्रॅक्टरचा आवाज येईल, मध्येच लाइट जाईल, समजून घ्या. वाशीम जिल्ह्यातलं आमचं गाव ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लोणार सरोवर माहीत आहे ना? तिथून फार लांब नाही.

विषय आहे ‘पीअर लर्निंग’. सोप्या मराठीत, बरोबरीच्या माणसाकडून शिकणं. आणि त्यातही कामाच्या ठिकाणी पुढारपण शिकणं. आता तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये हा एचआरचा विषय कुठून आला. थांबा जरा. आधी माझीच फजिती सांगतो.

आठ महिन्यांपूर्वी मला पुण्यात टीम लीड केलं. बीटेक झाल्यापासून मी कोड लिहिलाय, माणसं सांभाळली नव्हती. कंपनीने दोन दिवसांचं लीडरशिप ट्रेनिंग दिलं, स्लाइड्स दाखवल्या, जेवण चांगलं होतं. तिसऱ्या दिवशी मी सहा जणांचा लीड. त्यात एक मुलगा हिंगोलीचा, कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. एका रिपोर्टमध्ये रकमा चुकीच्या राउंड होत होत्या आणि ते त्याला तीन दिवस आधी दिसलं होतं. पण तो बोलला नाही. का? कारण पहिल्याच आठवड्यात त्याने स्टँडअपमध्ये एक साधा प्रश्न विचारला होता आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, “अरे, हे गुगल कर ना.” बस. त्यानंतर त्याने तोंडच उघडलं नाही. रिलीज गेलं, क्लायंटचा मेल आला, रात्री अकराच्या कॉलवर मी त्याला पुन्हा सगळ्यांसमोर झापलं. दुसऱ्या दिवशी त्याने टीम बदलून मागितली.

मॅनेजरने मला एका ‘पीअर सर्कल’मध्ये टाकलं. आम्ही सहा टीम लीड, दर पंधरा दिवसांनी एक तास, वरिष्ठ कोणी नाही. प्रत्येकाने आपली अडचण सांगायची, बाकीच्यांनी सल्ला न देता आधी प्रश्न विचारायचे. पहिल्या दिवशी समन्वयक बाई म्हणाल्या की ही पद्धत परदेशात गाजलेली आहे आणि आपल्याकडे आत्ता येतेय. मी ते खरं मानलं.

दिवाळीला घरी आलो तेव्हा ओसरीवर हे सगळं सांगत होतो. बाबांचे मामा बसले होते. मी त्यांना आजोबाच म्हणतो. वय चौऱ्याऐंशी. उमेदीची सगळी वर्षं अकोल्याच्या एका कापड गिरणीत गेली. ते ऐकत होते, आणि मध्येच म्हणाले, “हे तं आमी अडुसष्ट सालीच केलं रे पोट्ट्या. मी मास्तर होतो मास्तर.”

मला वाटलं, वयामुळे काहीतरी घोळ होतोय. आजोबा सातवी शिकलेले, साचेवाले. मास्तर कधी झाले? मग त्यांनी आतून पत्र्याची पेटी आणायला लावली. त्यात पिवळ्या पडलेल्या पुस्तिका, एक वही आणि एक प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर केंद्रीय कामगार शिक्षण मंडळाचं नाव. आणि आजोबांच्या नावापुढे दोन शब्द: कामगार शिक्षक.

तिथून हा भाग सुरू झाला.

तर हे मंडळ काय होतं ते सांगण्याआधी थोडं मागे जायला लागेल, कारण खरा प्रश्न जुना आहे. प्रश्न असा की कामगारांचा पुढारी कोण असावा? कामगारच, की बाहेरचा कोणी शिकलेला माणूस?

आपल्याकडे या गोष्टीची सुरुवात तर झकास झाली होती. नारायण मेघाजी लोखंडे. गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेला माणूस, जोतीराव फुल्यांचा सहकारी, १८८०पासून मुंबईत ‘दीनबंधू’ पत्राचा संपादक. सप्टेंबर १८८४मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या बघा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, काम करताना इजा झाली तर पगार चालू. १८९०च्या एप्रिलमध्ये दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तिथे दोन कामगार बायका बोलायला उभ्या राहिल्या. १८९०मध्ये! जूनमध्ये रविवारची सुट्टी मिळाली. तुम्ही आत्ता हा भाग रविवारी लोळत ऐकत असाल तर त्यात लोखंड्यांचा वाटा आहे.

पण लोखंड्यांच्या संघटनेला वर्गणी नव्हती, सभासदांची यादी नव्हती, ठरलेले नियम नव्हते. एक माणूस होता. १८९७मध्ये ते गेले आणि त्यांच्यामागे तसं काम पुढे नेणारी फळी उरली नाही.

मग गिरणीत खरं राज्य कोणाचं होतं? जॉबरचं. मराठीत मुकादम म्हणा. नवीन माणसाला गावाकडून आणणारा तोच, कामाला लावणारा तोच, काम शिकवणारा तोच आणि काढून टाकणाराही तोच. १९२९मध्ये ब्रिटिश सरकारने कामगारांवर एक रॉयल कमिशन नेमलं, व्हिटली कमिशन म्हणतात त्याला. त्याचा अहवाल १९३१चा. त्यात जॉबरच्या या ताकदीवर बरंच लिहिलंय, नोकरी देताना घेतल्या जाणाऱ्या लाचेवरही. इथे मला एक गोष्ट खटकली. जॉबरसुद्धा कामगारांमधूनच आलेला असायचा. म्हणजे बरोबरीचाच माणूस शिकवतोय! पण ज्याच्या हातात तुमची नोकरी आहे त्याला तुम्ही प्रश्न विचारू शकत नाही. मी ‘गुगल कर’ म्हणालो तेव्हा मी जॉबरच होतो की. लॅपटॉपवाला.

कामगार स्वतः पुढे का येत नव्हते याची कारणंही सरळ होती. जो बोलेल त्याची नोकरी जाईल. कायदे इंग्रजीत. लिहिता-वाचता येणारे कमी. मग वकील, समाजसेवक, राजकीय कार्यकर्ते पुढारी झाले. १९२६च्या ट्रेड युनियन कायद्याने हे मान्यच करून टाकलं: युनियनच्या पदाधिकाऱ्यांपैकी निम्मे तरी त्या उद्योगात काम करणारे हवेत. याचा अर्थ निम्मे बाहेरचे चालतील. यातले सगळे काही स्वार्थी नव्हते हां. ना. म. जोशी घ्या. १९११मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली, पुढे आयटकच्या स्थापनेत पुढे होते आणि व्हिटली कमिशनचे सदस्यही. त्यांच्यासारख्यांनी काम उभं केलं. तरी वाटाघाटीच्या टेबलावर कामगाराच्या वतीने दुसराच कोणी बोलतोय, ही गोष्ट राहिलीच.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न सरकारच्या टेबलावर आला. दुसरी पंचवार्षिक योजना, मोठमोठे कारखाने, आणि कामगार संघटना पक्षांमध्ये वाटल्या गेलेल्या. १९५७मध्ये केंद्र सरकारने फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने तज्ज्ञांची एक समिती नेमली, अध्यक्ष अर्थशास्त्रज्ञ पी. एस. लोकनाथन. त्याच वर्षी भारतीय श्रम परिषदेत तिच्या शिफारशींवर चर्चा झाली. सप्टेंबर १९५८मध्ये केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झालं. मुख्यालय दिल्लीला नाही, मुंबईला नाही, आपल्या नागपूरला. नागपूर तेव्हा गिरण्यांचं शहर होतंच. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल तिथे १८७७च्या १ जानेवारीला सुरू झालेली. मंडळात सरकार, मालक आणि कामगार संघटना तिघांचे प्रतिनिधी.

आता यातली खरी गंमत रचनेत आहे. मी सिस्टिम डिझाइनवाला माणूस, मला ती बघून भारी वाटलं. तीन थर होते. पहिल्या थरात मंडळाने नेमलेले, पूर्ण वेळ पगारी शिक्षण अधिकारी. त्यांनी थेट लाखो कामगारांना शिकवायचं नाही. त्यांनी कारखान्यांमधून निवडून आलेल्या कामगारांना प्रादेशिक केंद्रावर तीन महिने पूर्ण वेळ शिकवायचं. हा दुसरा थर, म्हणजे कामगार शिक्षक. या काळात कारखान्याने त्याला सोडायचं आणि पगार चालू ठेवायचा. तीन महिन्यांनी हा माणूस आपल्याच कारखान्यात, आपल्याच मशीनवर परत. आणि मग आपल्याच सोबत्यांचा, वीस-पंचवीस जणांचा वर्ग घ्यायचा. हा तिसरा थर. एक बॅच संपली की दुसरी.

लक्षात घ्या, कामगार शिक्षकाला बढती नव्हती. थोडंसं मानधन होतं. तो फोरमन होत नव्हता. सकाळी साच्यावर, आणि वर्गाच्या वेळेला फळ्यासमोर. ज्याला शिकवतोय त्याच्याएवढाच पगार. हे मुद्दाम सांगतोय, कारण मला वाटतं सगळं यंत्र याच एका खिळ्यावर उभं होतं.

शिकवायचं काय? कामगार संघटना म्हणजे काय आणि ती कशी चालवायची, सभा कशी घ्यायची, इतिवृत्त कसं लिहायचं, तक्रार कुठे आणि कशी मांडायची, कामगार कायदे, पगार कसा ठरतो, उत्पादकता म्हणजे काय, सुरक्षितता, अगदी घरखर्चाचा हिशेबसुद्धा. पुस्तिका प्रादेशिक भाषांमध्ये छापल्या जायच्या. आजोबांच्या पेटीतल्या मराठी आहेत. पद्धत नुसती भाषणाची नव्हती. गटचर्चा, वाद-विवाद, आणि भूमिका वठवणं: एकाने मालक व्हायचं, एकाने युनियनचा सेक्रेटरी. आमच्या ट्रेनिंगमध्ये ‘रोल प्ले’ म्हणून जे केलं, तेच.

आजोबांच्या वहीतलं पहिलं पान वाचण्यासारखं आहे, पण ते खाजगी आहे म्हणून त्यांनी तोंडी जे सांगितलं तेवढंच सांगतो. पहिला वर्ग पार फसला. नागपूरला अधिकारी जसं बोलायचे तसं ते बोलायला गेले. अर्ध्या तासात निम्मे जण डुलक्या काढायला लागले. पाळी संपवून आलेली माणसं ती. एक जण उठून म्हणाला, “तू काऊन साहेबावानी बोलून राह्यला बे?”

दुसऱ्या दिवशी आजोबांनी पुस्तिका घरी ठेवली. प्रत्येकाला पगाराची चिठ्ठी आणायला सांगितली. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी शेजाऱ्याची वाचायची. प्रॉव्हिडंट फंड किती कापला, ईएसआयचे किती, आणि हे शेवटचे कशाचे? दंडाचे. एका कांडीवाल्याचा दंड दर महिन्याला कापला जात होता. कशाबद्दल हे त्याला कधी कोणी सांगितलंच नव्हतं. त्याने विचारलं नव्हतं. त्याला वाटायचं, असाच असतो पगार.

१९३६च्या पगार वाटप कायद्यात दंडाबद्दल स्पष्ट नियम होते. कोणत्या चुकांसाठी दंड होईल त्याची यादी आधी लावलेली हवी होती. दंड करण्याआधी त्या माणसाला आपली बाजू मांडायची संधी द्यायला हवी होती. रक्कम त्या महिन्याच्या पगाराच्या साधारण तीन टक्क्यांच्या वर जाऊ शकत नव्हती. आणि जमा झालेला दंड मालकाच्या खिशात जात नव्हता, तो कामगारांच्याच भल्यासाठी वापरायचा असायचा. हे आजोबांना तीन महिन्यांपूर्वी स्वतःलाच माहीत नव्हतं. “मले कालच समजलं होतं न, म्हणून मले मालूम होतं कोठी अडते ते,” असं ते म्हणाले. साहेबाला कायदा पाठ होता, पण न समजणं कसं असतं ते साहेब विसरला होता.

त्या कांडीवाल्याचं पुढे काय झालं हे मी विचारलं. आजोबांनी अर्ज लिहून दिला नाही. त्यालाच लिहायला लावलं. त्याला सही तेवढी येत होती, म्हणून त्याने सांगायचं आणि वर्गातल्या दुसऱ्याने लिहायचं असं ठरलं. खात्यात घेऊन जायलाही तोच पुढे आणि बाकीचे चार मागे. पुढच्या महिन्यापासून दंड थांबला. आधीचे पैसे काही परत मिळाले नाहीत. पण दोन वर्षांनी तो माणूस खात्याचा प्रतिनिधी म्हणून निवडून आला. आजोबा हे सांगताना जरा ताठ बसले होते.

इथे एक आडवळण घेतो. बरोबरीच्याकडून शिकण्याची गोष्ट निघाली की इंग्रजी पुस्तकं अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्यापासून सुरुवात करतात. १७८९च्या सुमाराला तो मद्रासच्या अनाथाश्रमाच्या शाळेत होता. तिथल्या देशी शाळेत मुलं वाळूत बोटाने अक्षरं काढताना त्याने पाहिली आणि ती रीत उचलली. मोठ्या मुलाने लहान मुलाला शिकवायचं. १७९७मध्ये लंडनला त्यावर पुस्तक छापलं आणि ‘मद्रास पद्धत’ जगभर गेली. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत धूळपाटी होतीच, धुळाक्षरं हा शब्द तिथलाच. म्हणजे आपलीच वस्तू परदेशात जाऊन शिक्का मारून परत आली. ऐकायला छान वाटतं. पण माझं मत विचाराल तर बेलची पद्धत हे खरं पीअर लर्निंग नव्हेच. ती स्वस्तात शाळा चालवायची युक्ती होती. वरून आलेला धडा खालच्याला पाठ करून घ्यायचा, एवढंच त्या मोठ्या मुलाचं काम. प्रश्न खालून वर जात नव्हता. मंडळाच्या पुस्तिका घेऊन आजोबा पहिल्या दिवशी उभे राहिले तेव्हा ते बेलचे मॉनिटर होते. चिठ्ठ्या मागवल्या तेव्हा गोष्ट बदलली.

आमच्या ‘पीअर सर्कल’चं खरं गोत्र वेगळं आहे. रेग रेव्हन्स नावाचा एक इंग्रज. मुळात केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतला भौतिकशास्त्रज्ञ. तिथे त्याने मोठमोठे शास्त्रज्ञ आठवड्याच्या बैठकीत आपल्याला काय कळत नाहीये ते एकमेकांना सांगताना पाहिले. १९४०च्या दशकात तो ब्रिटनच्या कोळसा खाणींच्या शिक्षणाचं काम बघायला लागला. खाणीच्या मॅनेजरांना कॉलेजात बसवून प्राध्यापकांकडून शिकवण्यापेक्षा त्यांनी छोट्या गटात बसावं, एकमेकांच्या खाणी बघाव्यात आणि खऱ्या अडचणींवर एकमेकांना प्रश्न विचारावेत, असं त्याचं म्हणणं. पुढे याला ‘ॲक्शन लर्निंग’ नाव मिळालं. त्याच सुमाराला, दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकेने ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ काढलं: अनुभवी सुपरवायझरला दहा तासांत शिकवायचं कसं ते शिकवायचं, मग त्याने पुढच्यांना. युद्धानंतर ते जपानला गेलं आणि तिथल्या कारखान्यांनी ते आपलंसं केलं.

फरक बघा आता. रेव्हन्सच्या गटात मॅनेजर. अमेरिकेत सुपरवायझर. नागपूरच्या योजनेत साच्यावरचा माणूस. त्याच काळातली कल्पना, पण आपल्याकडे ती सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवली गेली. हे मला कोणत्याही ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे सगळं गोड होतं का? नाही. मंडळाचा पैसा सरकारचा. त्यामुळे युनियनवाल्यांना शंका, की हे लोक कामगाराला मवाळ करतील, शिस्त आणि उत्पादन एवढंच शिकवतील. मालकांना उलटी शंका, की आमच्याच पगारावर आमच्याशी भांडणारे तयार होतील. आजोबांच्या गिरणीत तर वर्गाच्या वेळेला मुद्दाम ओव्हरटाइम लावला जायचा, असं ते सांगतात. न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९च्या अहवालात या शिक्षणाचा आढावा घेतला, तेव्हा हे काम खरं तर संघटनांनी स्वतः करायला हवं असाच सूर होता. मला विचाराल तर दोन्हीकडची शंका म्हणजे योजना बऱ्यापैकी चालत होती याचीच खूण. पण एक दोष मान्य करायला हवा. वर्ग संपला की संपला. तो कांडीवाला पुढे गेला, कारण मागे चार जण उभे राहिले. जिथे युनियन नव्हती किंवा कागदावर होती, तिथे शिकलेला माणूस एकटाच पडायचा.

आणि मग १९८२. १८ जानेवारीला मुंबईतल्या अडीच लाख गिरणी कामगारांनी संप केला. पुढारी कोण? डॉ. दत्ता सामंत. पेशाने डॉक्टर, गिरणीच्या बाहेरचा माणूस. कामगारांनी त्यांना स्वतः जाऊन बोलावलं होतं, कारण कायद्याने मान्यता असलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघावर त्यांचा भरवसा उरला नव्हता. संपाबद्दल मी इथे फार बोलत नाही, तो वेगळ्या भागाचा विषय आहे आणि एका भागात मावणारही नाही. पण लोखंड्यांच्या परळमध्ये शंभर वर्षांनीसुद्धा कामगाराला बाहेरचाच माणूस शोधावा लागला, हे डोक्यातून जात नाही. संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून गेल्या. आमच्या विदर्भातल्याही गेल्या. आजोबा सेवानिवृत्त झाले नाहीत, गिरणीच निवृत्त झाली. मग ते रिसोडला परतले आणि शेती केली.

मंडळ आजही आहे. १९७०च्या दशकाच्या शेवटी शेवटी त्यांनी ग्रामीण मजुरांसाठीही कार्यक्रम सुरू केले, कारण संघटित कारखान्यांपेक्षा कितीतरी जास्त माणसं बाहेर होती. काही वर्षांपूर्वी मंडळाला दत्तोपंत ठेंगडींचं नाव दिलं गेलं. ठेंगडी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे, १९५५मध्ये भारतीय मजदूर संघ स्थापन करणारे.

दरम्यान कारखान्यांमध्ये बरोबरीच्यांचे गट बसायचे थांबले नाहीत. जपानमध्ये १९६२पासून ‘क्वालिटी सर्कल’ होती, आपल्याकडे १९८०मध्ये हैदराबादच्या भेलमध्ये पहिलं सुरू झालं. पुढे पुण्या-पिंपरीच्या कारखान्यांमध्येही ती पसरली. सहा-आठ कामगार, आठवड्यातून एक तास, आपल्या कामातली अडचण आपणच सोडवायची. साचा तोच. फक्त विचारायचा प्रश्न बदलला. आजोबांच्या वर्गात प्रश्न होता, माझ्या पगारातून हे पैसे का कापले? क्वालिटी सर्कलमध्ये प्रश्न होता, हा पार्ट रिजेक्ट का झाला? दुसरा प्रश्न वाईट नाही. चांगला आहे, मी रोज तेच करतो. पण पहिला प्रश्न कुठे गेला?

हे मी आजोबांना विचारलं नाही, त्यांनीच मला विचारलं. पेटी बंद करता करता. “तुमच्या त्या मंडळात पगाराची चिठ्ठी काढते का कोणी?”

मी म्हणालो, नाही आजोबा, तो विषय काढत नाहीत. म्हणजे तसा नियम कुठे लिहिलेला नाही, पण काढत नाहीत. आम्ही ‘डिफिकल्ट कॉन्व्हर्सेशन’ कसं करायचं ते बोलतो. फीडबॅक कसा द्यायचा ते बोलतो. रात्रीचे कॉल, ऑन-कॉलचा आठवडा, त्याचे पैसे मिळतात की नाही, सहापैकी कोणाच्या टीमला मिळतात, हे सहा महिन्यांत एकदाही निघालं नाही. आम्ही लीड आहोत ना. आम्हाला वाटतं आपण त्या बाजूचे.

ते काही बोलले नाहीत. सुपारी कातरत बसले.

हिंगोलीच्या त्या मुलाचं सांगायचं राहिलं. दिवाळीआधीच मी त्याला फोन करून माफी मागितली होती. सर्कलमधल्या एकीने मला विचारलं होतं, “तो तीन दिवस गप्प बसला तेव्हा तू त्याला दिवसातून किती वेळा भेटत होतास?” उत्तर होतं तीन वेळा. यावर मी काय बोलणार? टीम बदलायचा अर्ज त्याने मागे घेतला नाही, आणि मी आग्रह केला नाही. पण जायच्या आधी राउंडिंगचा तो बग त्यानेच सगळ्या टीमला समजावून सांगावा, असं विचारलं. तो तयार झाला. मी मागे बसलो, कॅमेरा चालू, माइक बंद. त्याने चाळीस मिनिटं घेतली. मी पंधरा मिनिटांत सांगितलं असतं. पण तो जिथे थांबला, तिथे आणखी दोघं थांबले होते, आणि ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. एकाने विचारलं, “हे मलापण माहीत नव्हतं, परत सांगशील?” एरवी हा मुलगा माझ्यासमोर कधीच असं बोलला नसता.

परवा मंगळवारी आमच्या सर्कलची पुढची बैठक आहे. विषय कोणीही सुचवू शकतं. काल रात्री या माडीवरूनच मी ग्रुपवर टाकलं: ऑन-कॉलच्या रात्री कोणाला किती पैसे मिळतात, प्रत्येकाने आपापल्या टीमचं विचारून यायचं. आत्तापर्यंत एकीने अंगठा दाखवलाय. दोघांनी वाचलंय, निळ्या टिका दिसताहेत. बाकीचे दोघे अजून गावी असतील.

लाइट गेली बघा. लॅपटॉपची बॅटरी बारा टक्के. थांबतो.